सान जिमिन्यानो: मनोऱ्यांची चुरस

(दृश्य: द्राक्षमळ्यांपलीकडे टेकडीवरचं गाव)

इटलीतल्या तोस्काना प्रांतात, सिएना आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये, टेकडीवर वसलेलं सान जिमिन्यानो. घरं नजरेस पडायच्या कितीतरी आधी दिसतात ते हे मनोरे. एके काळी ते ७२ होते असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. आज उभे आहेत १४. कुणी १३ म्हणतं. अर्धा कापून घरात जिरवलेला मनोरा मोजायचा की नाही, यावर काही एकमत होत नाही.

यातले बहुतेक ना किल्ल्याचे बुरूज, ना चर्चचे घंटाघर. गावातल्या बड्या घराण्यांनी ते स्वतःच्या पैशाने बांधले.

हा पैसा आला वाटेवरून. व्हिया फ्रान्चिजेना, म्हणजे उत्तरेकडून रोमला जाणारी यात्रेकरूंची वाट, या गावातून जायची. इ. स. ९९० च्या सुमारास कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक रोमहून परतताना जिथे जिथे थांबले, त्या यादीत या गावाचं नाव सापडतं. यात्रेकरूंच्या मागोमाग व्यापार आला, सावकारी आली. शिवाय भोवतालच्या टेकड्यांवर केशर पिकायचं. १२२८ मध्ये गावाने आपल्या कर्जाचा काही भाग चक्क केशर देऊन फेडला!

(दृश्य: मनोऱ्याची भिंत, अगदी जवळून)

ही भिंत नीट बघा. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा, आणि मधे गोटे-चुन्याचा भराव. भिंत एवढी जाड, की आत जागा उरते जेमतेम एका खोलीची. आणि ही चौकोनी भोकं? ती बांधकामाच्या परांचीची. पुढे अशाच भोकांत वासे खोचून बाहेर लाकडी सज्जे काढायचे. आत जिने नव्हते, शिड्या होत्या. राहायला मनोरा गैरसोयीचाच. पण शेजाऱ्याला खाली बघायला लावायचं असेल, तर सोय-गैरसोय कोण बघतो?

(दृश्य: जोडमनोरे)

शेजारी म्हणजे आर्दिंघेल्ली आणि साल्वुच्ची. पहिले पोपच्या बाजूचे ग्वेल्फ, दुसरे पवित्र रोमन सम्राटाच्या बाजूचे घिबेलिन. निष्ठेचं नाव मोठं. रोजचं वैर मात्र भाऊबंदकीच्या थाटाचं. अखेर १२५५ मध्ये नियम झाला: तोर्रे रोन्योझा या मनोऱ्याहून, म्हणजे सुमारे ५१ मीटरहून, उंच बांधायचं नाही. रोन्योझा उभा होता पोदेस्ताच्या वाड्यावर. पोदेस्ता हा मुद्दाम परगावाहून आणलेला कारभारी. गावातला माणूस कुणाच्या तरी बाजूचा असणारच, हे सगळे ओळखून होते. एकाची उंची वाढवता येईना, म्हणून साल्वुच्चींनी मग दोन मनोरे शेजारी शेजारी उभारले.

नियम मोडला तो नगरसत्तेनेच. १३११ मध्ये पुरा झालेला तिचा तोर्रे ग्रोसा ५४ मीटर उंच आहे.

त्याआधी १३०० मध्ये, फ्लॉरेन्सचा दूत म्हणून कवी दान्ते इथे आला होता, ग्वेल्फ पक्षाच्या युतीसाठी गळ घालायला. ज्या सभागृहात तो बोलला, त्याला आज त्याचंच नाव आहे.

(दृश्य: ओस गल्ली)

मग १३४८ ची प्लेगची साथ. निम्म्याहून जास्त गाव गेलं. १३५३ मध्ये सान जिमिन्यानो फ्लॉरेन्सच्या अंमलाखाली आलं. यात्रेकरूंची वाटही खाली एल्सा नदीच्या खोऱ्यात सरकली. फ्लॉरेन्समध्ये तेराव्या शतकातच मनोरे सुमारे २९ मीटरपर्यंत छाटले गेले होते, नंतर त्या जागी नवे वाडे चढले. इथे पाडून नवं बांधायला पैसाच उरला नव्हता. म्हणून मनोरे राहिले. १९९० मध्ये युनेस्कोने हे गाव जागतिक वारसा यादीत घेतलं, ते या दारिद्र्याच्या कृपेने.

(दृश्य: मनोऱ्याचा पोकळ गाभा, खालून वर)

हा कांपातेल्ली कुटुंबाचा मनोरा, उंची २८ मीटर. आत शिरून मान वर केली की थेट माथा दिसतो. मधले लाकडी मजले गेलेत. उंचावरून गाव बघायचं असेल तर तिकीट काढून तोर्रे ग्रोसावर चढायचं. पायऱ्या दोनशेच्या वर आहेत, आणि वर पोचल्यावर साल्वुच्चींचे दोन्ही मनोरे खाली दिसतात.