फ्लोरिडा, मिशिगन आणि अर्धं मत

नमस्कार मंडळी. आज जरा लांबचा विषय घेतलाय, अमेरिकेतला, पण तिकडे डेट्रॉईटला, टँपाला आपलीच माणसं राहतात, तिथले नागरिक झालेत, मतं देतात, त्यामुळे अगदीच परका नाही. गोष्ट आहे २००८ ची. हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा एकाच पक्षाचे, डेमोक्रॅटिक पक्षाचे, आणि राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी कुणाला यावरून जानेवारीपासून जूनपर्यंत दोघं लढत होते. ओबामा जिंकले हे सगळ्यांना आठवतं. पण त्या लढाईत फ्लोरिडा आणि मिशिगन या दोन राज्यांतल्या साध्या मतदारांचं काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही, आणि मला ते अजून टोचतं.

आधी डेलिगेट म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे तिकीट वरून येतं, तिकडे ते लोक ठरवतात. प्रत्येक राज्यात पक्षाची प्रायमरी म्हणजे उमेदवार ठरवायची निवडणूक होते नाहीतर कॉकस म्हणजे सभा होते, आणि मिळालेल्या मतांच्या प्रमाणात प्रत्येक उमेदवाराच्या वाट्याला डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, येतात, मग ते डेलिगेट उन्हाळ्यात अधिवेशनाला जाऊन मत टाकतात. ऐकायला सोपं वाटतं ना, पण त्याच वर्षी टेक्सासात क्लिंटन बाईंनी प्रायमरी जिंकली आणि डेलिगेट मात्र ओबामांना जास्त मिळाले, कारण तिथे त्याच दिवशी संध्याकाळी कॉकसही होती आणि तिचे डेलिगेट वेगळे मोजले जात होते. म्हणजे मतं किती पडली याच्या इतकंच ती कुठल्या नियमाने मोजली याला महत्त्व.

आता तारखांचं भांडण. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन छोटी राज्यं वर्षानुवर्षं सगळ्यात आधी मतदान करतात, त्यामुळे सगळे उमेदवार तिथेच ठाण मांडून बसतात आणि मोठ्या राज्यांची पाळी येईपर्यंत बऱ्याचदा निकाल लागून गेलेला असतो. मिशिगनचे सिनेटर कार्ल लेव्हिन यावर कित्येक वर्षं चिडून बोलत होते, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, गाड्यांचे कारखाने बंद पडणाऱ्या राज्याला बोलायची संधी शेवटी का? पण २००८ साठी पक्षाचा नियम असा होता की आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना सोडून कुणीही ५ फेब्रुवारीच्या आधी मतदान घ्यायचं नाही. मिशिगनने १५ जानेवारी धरली आणि फ्लोरिडाने २९ जानेवारी. फ्लोरिडात विधिमंडळ रिपब्लिकन लोकांच्या हातात होतं, तारीख कायद्याने त्यांनी बदलली, डेमोक्रॅट आमदारांनीही त्याला साथ दिली हेही खरं, पण मतदाराला कुणी विचारलं होतं?

नियमपुस्तकात अशा राज्याला शिक्षा लिहिलेली होती, निम्मे डेलिगेट कापायचे. रिपब्लिकन पक्षाने त्यांच्या बाजूने तेवढंच केलं, निम्मे कापले आणि विषय संपवला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियम समितीने मात्र ऑगस्ट २००७ मध्ये फ्लोरिडाचे सगळेच डेलिगेट काढून घेतले आणि डिसेंबरात मिशिगनचेही. सगळेच! बाकीच्यांना धाक बसावा म्हणून. पुढचा सगळा घोळ माझ्या मते त्या एका निर्णयातून झाला. हॅरोल्ड इकिस म्हणून क्लिंटन बाईंचे मोठे सल्लागार होते, ते या समितीत होते आणि ऑगस्टमध्ये त्यांनीही या शिक्षेच्या बाजूनेच हात वर केला होता. क्लिंटन बाई स्वतः ऑक्टोबरात न्यू हॅम्पशायरच्या रेडिओवर म्हणाल्या होत्या की मिशिगनची ती निवडणूक काही मोजली जाणार नाही.

मग मतदान झालं. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून ओबामांनी आणि आणखी काही जणांनी नाव काढून घेतलं होतं, क्लिंटन बाईंचं राहिलं. त्यांना सुमारे ५५ टक्के मतं पडली आणि सुमारे ४० टक्के लोकांनी, म्हणजे दोन लाखांहून जास्त माणसांनी, 'अनकमिटेड' असा एक रकाना होता, कुणालाच नाही अशा अर्थाचा, त्यावर खूण केली. फ्लोरिडात सगळ्यांची नावं होती, प्रचार कुणीच केला नाही कारण तसं लिहून दिलेलं, तरी १७ लाख लोक आले. मोजणार नाही म्हणून सांगितलेल्या निवडणुकीला १७ लाख! काही जण मालमत्ता कराचा प्रश्न त्याच मतपत्रिकेवर होता म्हणून आले असतील, पण आले, रांगेत उभे राहिले. आणि जे 'कशाला जायचं, मोजणारच नाहीत' म्हणून घरी बसले त्यांचं काय, नियमावर विश्वास ठेवला ही त्यांची चूक का? दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा तर कसा द्यायचा, यावर मी खूप विचार केलाय आणि मला सरळ उत्तर सापडलेलं नाही.

क्लिंटन बाई मागे पडायला लागल्या तसं त्यांची बाजू म्हणायला लागली की प्रत्येक मत मोजा. ओबामांची बाजू म्हणे नियम म्हणजे नियम. पाळी उलटी असती तर वाक्यंही उलटी झाली असती असं मला मनापासून वाटतं. पुन्हा मतदान घ्यायची बोलणी दोन्ही राज्यांत झाली, पैसा कोण देणार, पोस्टाने घ्यायचं का, यात ती बारगळली.

शेवटी ३१ मे ला वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात नियम समिती दिवसभर बसली. बाहेर घोषणा, आत आरडाओरडा, 'डेन्व्हर, डेन्व्हर' असं लोक ओरडत होते, कारण अधिवेशन डेन्व्हरला होतं आणि भांडण तिथवर नेऊ अशी धमकी होती. फ्लोरिडाचं त्या मानाने सोपं गेलं, सगळे डेलिगेट परत पण प्रत्येकाला अर्धं मत, आणि ते एकमताने ठरलं. म्हणजे नऊ महिन्यांनी पुस्तकातल्याच शिक्षेवर आले. मिशिगनला अडलं. निकालाप्रमाणे क्लिंटन ७३ आणि अनकमिटेड ५५ व्हायला हवे होते, ओबामांच्या लोकांना ६४-६४ हवं होतं, आणि समितीने राज्यातल्या पक्षाचा प्रस्ताव घेतला, ६९ आणि ५९, तेही अर्ध्या मताचे, १९ विरुद्ध ८ ने मंजूर. म्हणजे ज्या माणसाचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं त्याला अनकमिटेडचे सगळे ५५ दिले आणि वर चार क्लिंटन बाईंच्या वाट्यातले. इकिस संतापले, चार डेलिगेट पळवले म्हणाले. त्यांनी आधी शिक्षेला हात वर केला होता हे धरूनही या मुद्द्यावर मी त्यांच्याच बाजूची आहे. खोलीत बसलेल्या माणसांनी मतदाराच्या मनात काय असेल ते ओळखून आकडे पाडायचे, हे निवडणुकीत बसत नाही.

हिशेब केला तर त्या दिवशी क्लिंटन बाईंना ओबामांपेक्षा अवघी २४ मतं जास्त मिळाली. तेवढ्याने काही फिरणार नव्हतं. ३ जूनला ओबामांनी आवश्यक आकडा गाठला, ७ जूनला क्लिंटन बाई थांबल्या, आणि ऑगस्टमध्ये, उमेदवार ठरून गेल्यावर, दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत दिली. तेव्हा द्यायला काही खर्च नव्हता ना.

पुढे २०२४ साठी याच पक्षाने मिशिगनला रीतसर आधीची तारीख दिली, २७ फेब्रुवारी. लेव्हिन ते बघायला राहिले नाहीत, २०२१ मध्ये गेले. बेळगावचे आपले श्री ठाणेदार आता तिथूनच, डेट्रॉईटमधून, खासदार आहेत. २७ फेब्रुवारीच्या त्या मतदानात मिशिगनच्या मतपत्रिकेवर तोच अनकमिटेडचा रकाना होता आणि गाझाच्या युद्धावरून नाराज झालेल्या एक लाखाहून जास्त लोकांनी त्यावर खूण केली. त्यांच्या वाट्याला दोन डेलिगेट आले, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावावर चढले नाहीत, अनकमिटेड म्हणूनच शिकागोच्या अधिवेशनाला गेले.