16 किलो दगड

बोलायला लागण्याआधी हा दगड पहिल्या रांगेत देतो. हातोहात मागे जाऊ द्या, फक्त पाडू नका. आपल्या कामठीकडचा वालुकाश्म आहे. त्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलंय, मधोमध जाड शीर दिसेल. याचं नाव ग्लोसोप्टेरिस, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेली वनस्पती. ज्यांच्या नावाचं कॉलेज तुम्हाला ठाऊक आहे, ते रेव्हरंड हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर नागपूरच्या आसपास हिंडून अशीच पानं गोळा करत.

आता हेच पान दुसरीकडे पाहू. फेब्रुवारी 1912. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे चार सोबती दक्षिण ध्रुवावरून परत निघालेत. अमुंडसेन आधीच पोचून गेलाय, अन्न संपत आलंय, पाय हिमदंशानं सुजलेत. बिअर्डमोर हिमनदीच्या वरच्या अंगाला माउंट बकलीचे कडे लागतात आणि ही माणसं तिथे दगड गोळा करायला थांबतात! सोबत्यांपैकी विल्सननं उचललेले दगड घसरगाडीवर चढले. पुढे पाचही जण गेले. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबू सापडला तेव्हा तिघांच्या देहांसोबत जवळपास 16 किलो दगड होते. त्यांत ग्लोसोप्टेरिस होतं. हा वेडेपणा होता असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही, पण ती गाडी मला ओढावी लागली नव्हती, हेही खरं.

त्याच बिअर्डमोर हिमनदीच्या कडेला माउंट कर्कपॅट्रिक उभा आहे, 4528 मीटर. मी तिथे गेलेलो नाही. जे सांगतोय ते वाचून आणि तिथल्या कामाची छायाचित्रं पाहून. 1990-91 च्या मोसमात डेव्हिड एलियट हे भूवैज्ञानिक त्या डोंगरावर सुमारे 4000 मीटरवर काम करत होते. ते काही डायनोसॉर शोधायला गेले नव्हते. त्यांचा जीव ज्वालामुखीच्या खडकांत. पण उघड्या खडकात हाडं दिसली. विल्यम हॅमर यांची जीवाश्म शोधणारी तुकडी त्याच भागात होती, त्यांना निरोप गेला.

इतक्या उंचावर का चढायचं, असा प्रश्न पडेल. खाली सगळं बर्फानं बुजलंय म्हणून. खडक उघडा पडतो तो कड्यावर आणि धारेवर, जिथे वारा बर्फ टिकू देत नाही. म्हणजे जिथे माणसाला उभं राहणं कठीण, नेमकं तिथेच काम. भर उन्हाळ्यातही कडाक्याची थंडी, हवा विरळ, सूर्य मावळत नाही म्हणून दिवस कधी संपला तेही कळत नाही. आपल्याकडे हाडाभोवती ओल्या प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट गुंडाळतात, ते सुकून कवच होतं. तिथे पाणीच गोठतं. शिवाय खडक इतका टणक की छिन्नी-हातोडी खेळण्यातली वाटावी. दगड कापायच्या करवती आणि यांत्रिक पहारी लावून हाडासकट ठोकळे काढले. तीन आठवड्यांत दोन टनांहून जास्त माल निघाला आणि हेलिकॉप्टरनं खाली आला. स्कॉटच्या घसरगाडीपासून इथवरची मजल एवढीच, ओझं मात्र शंभरपटीहून जास्त.

ठोकळ्यांतून निघाला क्रायोलोफोसॉरस, सहा-सात मीटर लांबीचा मांसाहारी. डोक्यावर आडवा, पंख्यासारखा तुरा. त्या तुऱ्यामुळे एल्व्हिस प्रेस्लीच्या केसांची आठवण येऊन मंडळी त्याला गमतीनं ‘एल्व्हिसॉरस’ म्हणायची. 1994 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. वय साधारण 19 कोटी वर्षं.

(तिसऱ्या रांगेत दगड अडकलाय वाटतं. पुढे जाऊ द्या.)

हे वय ठरलं कसं? हाडावर तारीख लिहिलेली नसते. हाड कुठल्या थराखाली आणि कुठल्या थरावर होतं, यावरून ठरतं. त्या थरांच्या वर तिथेही बेसॉल्टचे थर आहेत, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. सह्याद्रीत भटकणारे नेहमी विचारतात, आमच्या गडांवर डायनोसॉर का सापडत नाहीत? कारण गड ज्याच्यावर उभे आहेत तो खडकच लाव्हाचा, दख्खनच्या लाव्हाचा. हाडं गाडली गेली त्याच्या खालच्या लॅमेटा थरांत. ते बघायचे तर दख्खनच्या पठाराच्या काठाला यावं लागतं, म्हणजे इथे, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला. तिथे डोंगर नाही, कडा नाही. शेतातून खाली बघत चालायचं. डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा ढेकळांमध्ये पडलेली असते. तिच्यातच गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होतं, हे 2005 मध्ये जगाला कळलं.

विद्यार्थी असताना मी पहिल्यांदा तिथे गेलो. बांधाजवळ हाडाचा तुकडा दिसला, हुरळून उचलला आणि खिशात टाकला. संध्याकाळी सरांना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, म्हणाले, “छान आहे. कुठे होता?” मी हातानं शेताकडे दाखवलं. “कुठल्या शेतात? मातीत रुतलेला होता की वर पडलेला? शेजारी काय होतं?” मला एकाचंही उत्तर देता येईना. विल्सन मरणाच्या वाटेवर होता, तरी कुठल्या कड्याशी काय मिळालं हे त्यानं डायरीत लिहून ठेवलं होतं. माझ्याकडे पेन होतं, वही होती, पोटभर जेवणही झालेलं होतं.

तो तुकडा अजून माझ्या कपाटात आहे. त्याच्या चिठ्ठीवर फक्त ‘पिसदुरा’ लिहिलंय.