डब्यात राहिलेलं रीळ

श्रोते हो, नमस्कार.

तुमच्यापैकी ज्यांनी तालुक्याच्या गावी, पत्र्याच्या थिएटरात सिनेमे बघितलेत, त्यांना न्यूजरील म्हणजे काय हे मी सांगायला नको. दिवे गेले की आधी फिल्म्स डिव्हिजनचं रीळ लागायचं. धरणाचं उद्घाटन, कुठेतरी पूर, हेलिकॉप्टरच्या खिडकीतून खाली बघणारे मंत्री, आणि नशीब असेल तर शेवटी थोडं क्रिकेट. तेवढा वेळ अर्धं पब्लिक बाहेर टपरीवर. घंटा झाली तरी कोणी विडी विझवायचं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक, अजून दहा मिनिटं आहेत. आमचे वडील मात्र पहिल्या घंटेला आम्हाला घेऊन आत. म्हणायचे, तिकिटाचे पैसे पूर्ण दिलेत, पूर्ण बघायचं. त्यामुळे हिरो-हिरॉइनच्या आधी मी धरणाचे दरवाजे किती उघडताना बघितले, त्याची मोजदाद नाही.

आज बोलायचंय ते मात्र अमेरिकेतल्या अशा रिळांविषयी. आपल्याकडे थिएटरवाल्याला न्यूजरील दाखवणं सक्तीचं होतं. तिकडे तो धंदा होता. पॅथे, पॅरामाउंट, युनिव्हर्सल, फॉक्स मूव्हीटोन आणि हर्स्ट अशा पाच मोठ्या कंपन्या. आठवड्यातून दोनदा नवं रीळ, साधारण दहा मिनिटांचं. १९११ मध्ये हे सुरू झालं आणि १९६७ मध्ये युनिव्हर्सलनं शेवटचं दुकान बंद केलं, कारण तोवर टीव्ही घरात येऊन बसला होता. आठवड्याला दोनदा, दहा-दहा मिनिटं बातम्या! मला विचाराल तर माणसाला तेवढ्या पुरतात. आता चोवीस तास आठ चौकोनांत आठ माणसं एकदम ओरडत असतात आणि शेवटी पाऊस कुठे पडला ते शेजाऱ्यालाच विचारावं लागतं. असो.

कंपन्यांच्या बरोबरीनं तिथलं सरकारही फिल्मा काढायचं. १९३५-३६ ची गोष्ट. पेअर लॉरेन्झ नावाच्या एका सिनेमा-समीक्षकाला सरकारनं सांगितलं, आमच्यासाठी एक फिल्म कर. या माणसानं आयुष्यात एकही फिल्म काढली नव्हती. सगळ्या समीक्षकांना एकदा तरी अशी शिक्षा व्हायलाच हवी, असं माझं मत आहे. पण हा पास झाला. विषय होता धुळीच्या वादळांचा. तिकडच्या सपाट प्रदेशातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं गवत उपटून गव्हासाठी नांगर फिरवला, मग पाऊस रुसला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर निघाली. जत-आटपाडीकडच्या श्रोत्यांना हे आणखी समजावून सांगायची गरज नाही. बजेट होतं सहा हजार डॉलर, खर्च झाले एकोणीस हजारांच्या वर. 'द प्लाऊ दॅट ब्रोक द प्लेन्स' हे तिचं नाव. हॉलिवूडच्या वितरकांनी तिला दारात उभं केलं नाही. सरकार आपल्या धंद्यात उतरतंय, ही त्यांची भीती.

पुढे महायुद्ध आलं, तेव्हा फ्रँक काप्रासारखे हॉलिवूडचे बडे दिग्दर्शकच लष्करात जाऊन सरकारी फिल्मा करू लागले. मग अणुबॉम्बचा काळ. १९५१ मध्ये शाळकरी मुलांसाठी एक फिल्म केली, तिच्यात बर्ट नावाचं कासव. स्फोटाचा लखलखाट दिसला की बर्ट जसा कवचात जातो, तसं तुम्ही बाकाखाली जा आणि मान झाका. नऊ-दहा मिनिटांची फिल्म, वर गाणंही. अणुबॉम्बवर उपाय काय, तर बाक. हसू येतं, पण तेव्हा पोरं खरोखर बाकाखाली जाऊन बसायची.

या रिळांचं पुढे काय झालं? युनिव्हर्सलनं आपला सगळा साठा सरकारी दफ्तरखान्याला देऊन टाकला. आता जुनी फिल्म असते नायट्रेटची. कढईतलं तेल पेटलं तर आपण पाणी ओतत नाही, वर झाकण टाकतो. हवा तुटली की आग मरते. नायट्रेटला झाकणाचाही उपयोग नाही. जळताना ती लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते. पाण्यात बुडवली तरी जळत राहते. डिसेंबर १९७८ मध्ये मेरिलँडमधल्या सूटलंडच्या कोठारात आग लागली आणि युनिव्हर्सलची लाखो फूट फिल्म गेली. आपल्याकडे पुण्यातही जानेवारी २००३ मध्ये अशीच आग लागून जुनी नायट्रेटची रिळं गेली. त्या दिवसाविषयी बोलायचं तर वेगळा कार्यक्रम लागेल.

तर आता मूळ गोष्ट. खरं सांगायचं तर ही सांगायला मिळावी म्हणूनच मी आजचा विषय घेतला.

साल १९३७, महिना मे. साल आणि महिना लक्षात ठेवा, कारण एकाच महिन्यातली दोन रिळं आहेत. एक सगळ्या जगानं बघितलं. दुसरं डब्यात राहिलं.

पहिलं रीळ ६ मेचं. हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज, म्हणजे विमान नव्हे, हायड्रोजन वायू भरलेला प्रचंड लांबट फुगाच, अमेरिकेत न्यू जर्सीत लेकहर्स्टला उतरत होतं. न्यूजरीलवाले कॅमेरे लावून तयार. जहाज पेटलं आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सांगाडा झाला. ३६ माणसं गेली. पेट घेतला तो नेमका क्षण मात्र एकाही कॅमेऱ्यात नाही. सगळे कॅमेरे तेव्हा खाली दोर पकडणाऱ्या माणसांकडे वळलेले होते. आणि त्या फिल्मवर आज जो रडवेला आवाज ऐकू येतो, 'ओ, द ह्युमॅनिटी' म्हणणारा, तो त्या कॅमेऱ्यांचा नाहीच. तो शिकागोच्या रेडिओवरच्या हर्बर्ट मॉरिसनचा. त्यानं तबकडीवर मुद्रण केलं, ते दुसऱ्या दिवशी प्रसारित झालं, आणि चित्राला ते जोडलं नंतर. तबकडी थोडी जलद वाजते म्हणून आवाज पातळ वाटतो. त्याचा खरा आवाज खालच्या पट्टीतला होता. रेडिओवाल्याच्या आवाजावर चित्रवाले जगले, हे मी कुठेही सांगतो, आज तुम्हालाही सांगितलं.

आता दुसरं रीळ. तारीख ३० मे १९३७. पुन्हा सांगतो, ३० मे, म्हणजे हिंडेनबर्गनंतर चोवीस दिवसांनी. गाव शिकागो. रिपब्लिक स्टील या पोलाद कारखान्यात संप चालू होता. मोठ्या कंपनीनं, यू. एस. स्टीलनं, मार्चमध्येच युनियनशी करार केला होता. या बाकीच्या कंपन्या अडून बसल्या होत्या. ३० मे हा तिकडे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा सुट्टीचा दिवस. बरेच कामगार घरच्यांना घेऊन आलेले. जवळच्या एका जुन्या गुत्त्याच्या जागेत, 'सॅम्स प्लेस' नावाच्या, सभा झाली. मग हजाराहून जास्त लोक पुढे अमेरिकेचे झेंडे धरून मोकळ्या माळावरून कारखान्याच्या दिशेनं निघाले. समोर दोनशेहून जास्त पोलीस.

माळावर एकच चालता-बोलता कॅमेरा होता. पॅरामाउंटचा. कॅमेरामन ऑर्लँडो लिपर्ट. त्याच्या कॅमेऱ्यात दिसतं, दोन्ही रांगा समोरासमोर, पुढची माणसं पोलिसांशी बोलतायत, वाद घालतायत, हात हलवतायत. मग लिपर्ट लेन्स बदलायला थांबतो. सात सेकंद. पुन्हा सांगतो, फक्त सात सेकंद. फिल्म पुन्हा सुरू होते तेव्हा गोळ्यांचा आवाज आहे, माणसं ढिगानं पडलेली आहेत, आणि उरलेली पळतायत. ठिणगी कोणी टाकली ते त्या सात सेकंदांत. जसा हिंडेनबर्गचा पहिला क्षण नाही, तसा हाही नाही.

दहा माणसं मेली. पोलीस म्हणाले, आमच्यावर हल्ला झाला, आम्ही स्वतःला वाचवलं. बऱ्याच वर्तमानपत्रांनीही तसंच छापलं, दंगलखोर जमाव वगैरे. आणि फिल्म? डेव्हलप झाली, पॅरामाउंटवाल्यांनी बघितली आणि डबा बंद करून ठेवला. पडद्यावर गेलीच नाही. हिंडेनबर्ग पेटलं तेव्हा हेच लोक रीळ पोचवायला जिवाच्या आकांतानं धावले होते. का नाही दाखवलं, असं विचारल्यावर त्यांच्या संपादकानं दिलेलं कारण असं, की वर्तमानपत्र माणूस घरी एकेकटा वाचतो, थिएटरात हजार-हजार माणसं एकत्र बसलेली असतात. हे बघून ती पेटली तर तिथेच दंगल होईल. कारण अगदीच खोटं नाही. अंधारात शेजारचा हुंदका आपल्यालाही लागतो, हे आपण जाणतो. पण ही काळजी त्यांना बाकीच्या वेळी कधी पडली होती, ते विचारायला हवं.

वॉशिंग्टनला तेव्हा सिनेटची एक समिती होती. सिनेटर ला फॉलेट तिचे प्रमुख. कामगारांच्या हक्कांवर कुठे गदा येते ते ती तपासायची. समितीनं समन्स काढून तो डबा मागवला आणि बंद खोलीत फिल्म बघितली. थोड्याच लोकांनी. आणि तिथून बातमी बाहेर पडली ती सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच या पत्राच्या पॉल अँडरसन या वार्ताहराकडे.

अँडरसननं काय केलं? मला या माणसाचं फार कौतुक. फोटो नाही, फिल्म दाखवता येत नाही. त्यानं ती फिल्म शब्दांत लिहून काढली. कोणता माणूस कुठून पळाला, कोणावर किती दंडुके पडले, शंभर पौंडांचीही नसेल अशी एक मुलगी दोन्ही बाजूंच्या पोलिसांत कशी सापडली, पाठीच्या कण्यात गोळी लागलेला माणूस उठायला कसा बघतोय. एकामागून एक, कॅमेरा फिरतो तसं. मुद्रित शब्दांतलं धावतं वर्णनच म्हणा. जे रीळ कोणी बघितलं नव्हतं, ते लोकांनी वर्तमानपत्रात वाचलं.

त्याच्या लेखातला शेवटचा प्रसंग मी वाचला, तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. गोळीबार थांबलाय. एक पोलीस, कोटाची बटणं उघडी, घामानं निथळलेला, कपाळावर आठ्या, कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या दुसऱ्या पोलिसाकडे येतो. काहीतरी बोलतो, शब्द कळत नाहीत. मग त्याच्या चेहऱ्यावर एकदम हसू येतं. दोन्ही हात एकमेकांवर झटकतो, पोतं उतरवून झाल्यावर हमाल झटकतो ना, तसे, आणि चालू लागतो. तिथे फिल्म संपते.

२ जुलैला सिनेटच्या दालनात ती सर्वांसमोर लावली. आधी पोलीस अधिकाऱ्यांच्या साक्षी होऊन गेल्या होत्या, आम्ही कसे घेरले गेलो वगैरे. मग पडदा. समितीनं अहवालात गोळ्यांचा हिशेब दिला. दहा मेलेल्यांपैकी सात जणांना जीवघेणी गोळी पाठीत लागली, तिघांना कुशीत. समोरून एकालाही नाही. पाठीत सात, कुशीत तीन, समोरून शून्य. इतकं होऊनही शिकागोच्या चौकशीत ज्यूरीनं या मृत्यूंना समर्थनीय ठरवलं. एकाही पोलिसावर खटला झाला नाही. साठ वर्षांनी, १९९७ मध्ये, अमेरिकेनं हेच रीळ जतन करायच्या राष्ट्रीय यादीत घातलं. ज्यांनी डबा बंद केला, त्यांची नावं त्या यादीत नाहीत, एवढं समाधान.

वेळ होत आलीय, समोरून खूण करतायत. एकच राहिलं. बोभाटा झाल्यावर पॅरामाउंटनं त्याच जुलैत ते रीळ थिएटरात सोडलं. देशभर. शिकागोत मात्र दाखवायला बंदी आली. त्या शहरात सिनेमा सेन्सॉर करण्याचं काम होतं पोलीस खात्याकडे.

नमस्कार.