बागोर की हवेली : पिछोल्याकाठचा जनाना

उदयपूरमध्ये पिछोला तलावाच्या काठी, गणगौर घाटाला लागून उभी असलेली बागोर की हवेली अठराव्या शतकात मेवाडचे प्रधान अमरचंद बडवा यांनी बांधली. मराठ्यांच्या इतिहासातही हे नाव येते. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला, तेव्हा शहराचा बचाव अमरचंदांनीच केला आणि अखेरीस खंडणीची बोलणीही त्यांनीच केली.

त्यांच्या मृत्यूनंतर हवेली राजघराण्याकडे गेली आणि पुढे बागोरच्या शाखेचे निवासस्थान झाली. याच शाखेतून एकामागून एक चार महाराणे मेवाडच्या गादीवर दत्तक गेले. त्यांतले शेवटचे सज्जनसिंह गादीवर असताना, १८७८ मध्ये, त्यांचे जन्मदाते शक्तिसिंह यांनी हवेली वाढवली. स्वातंत्र्यानंतर मात्र तिथे सरकारी कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडे आली आणि देखभालीअभावी वास्तूची रया गेली.

१९८६ मध्ये ती पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या ताब्यात आली. (राजस्थान आणि गुजरातबरोबर महाराष्ट्र आणि गोवाही या केंद्राच्या कक्षेत येतात, महादजींच्या वेढ्याची आठवण ठेवून पाहिले तर हा योग गमतीचाच.) डागडुजीनंतर शंभराहून अधिक खोल्यांच्या या वास्तूत संग्रहालय सुरू झाले.

संग्रहालयाचा जीव आहे तो जनान्यात. भिंतीवर रंगीत काचांच्या बारीक तुकड्यांतून घडवलेले मोर पाहणाऱ्याला थांबवतात खरे, पण इथल्या बायकांचा दिवस कसा जात असे, हे समजते ते त्यांच्या हाताळण्यातल्या वस्तूंवरून : दागिन्यांच्या पेट्या, पानदाने, गुलाबदाण्या, हातपंखे, तांब्याची भांडी आणि दुपार सरावी म्हणून मांडला जाणारा चौपट, म्हणजे आपला सारीपाट. शृंगाराची खोली, न्हाणीघर, देवघर, शेजघर असे एकेक दालन ओलांडताना दरबाराचा इतिहास मागे पडतो आणि घर दिसू लागते. इथला अडकित्ता ओळखायला मराठी माणसाला शेजारची पाटी वाचावी लागत नाही.

सर्वाधिक गर्दी असते ती पगड्यांच्या दालनातल्या अवाढव्य पगडीपाशी; छायाचित्रांसाठी ती सोयीची आहे, एवढेच.

संध्याकाळी चौकात दिवे लागतात, सारंगीचे सूर सुरू होतात आणि डोक्यावर मडक्यांची उतरंड तोलत भवाई करणारी नर्तकी प्रेक्षकांसमोर येते.