पाड्यावर लस आली

(दृश्य : पहाटेचा अंधार. पशुवैद्यकीय दवाखाना. फ्रीजचं झाकण उघडतं.)

दोन ते आठ. दवाखान्याचं दार उघडलं की आधी नजर जाते ती या आकड्यांवर. पारा दोन अंशांच्या खाली उतरला नाही ना, आठच्या वर चढला नाही ना. रात्री वीज गेली होती का, किती वेळ गेली होती, हे शिपायाला विचारायचं आणि वहीत लिहायचं. बाकीचं काम त्यानंतर.

आत आहे लाळ्या-खुरकुत या गुरांच्या रोगाची लस. दुधासारखी पांढरी, तेलात घोळलेली. उन्हात राहिली तर ती निकामी होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठली तरी निकामी होते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. आतलं तेल आणि पाणी एकदा फाटलं की संपलं. तरी ती टोचली जाते, तिची नोंद होते, मोहिमेच्या आकड्यात भर पडते. जनावराच्या पदरात मात्र काही पडत नाही.

(दृश्य : टेबलावर बर्फाचे पॅक. दवाखान्याचे पर्यवेक्षक, म्हणजे गावोगाव जाऊन लस टोचणारे, एकेक पॅक उचलून कानाशी हलवतायत.)

म्हणून हा खटाटोप. डीप फ्रीजरमधून काढलेले पॅक लगेच पेटीत भरायचे नाहीत. त्यांना घाम सुटू द्यायचा. मग एकेक उचलायचा आणि कानाशी हलवायचा. आत पाणी डुचमळलं की तो पॅक पेटीत जातो. नाही डुचमळलं तर परत टेबलावर. पेटी भरायला वेळ लागतो आणि आम्ही या माहितीपटात तो सगळा वेळ जवळजवळ न कापता ठेवलाय. मोहिमेच्या बातमीत हे कधी दिसत नाही. बातमीत हार असतात, पाहुणे असतात आणि मधोमध एक गोंधळलेली गाय.

(दृश्य : त्र्यंबकेश्वर–हरसूल रस्ता. धुकं. मोटारसायकलच्या मागे दोरीने आवळलेली निळी पेटी.)

त्र्यंबकेश्वर मागे पडलं. हा रस्ता हरसूलकडे जातो, पुढे गुजरातची हद्द. मोटारसायकल पर्यवेक्षकांची स्वतःची. त्यांच्याकडे काही एकच गाव नाही. गावांमागून गावं आहेत आणि प्रत्येक गावाला त्याचे पाडे. डांबर संपतं तिथे गाडी लावायची आणि पेटी खांद्यावर घ्यायची.

(दृश्य : चढण. पेटी खांद्यावर. मागून येणारी पोरं. इथे निवेदन नाही.)

(दृश्य : पाडा. डांगी गाई. कातडीचा क्लोज-अप.)

ही डांगी. पांढऱ्या अंगावर काळे छपके, काळे टणक खूर. कातडी बघा, तेल चोळल्यासारखी चकाकते. हे तेल तिचं स्वतःचं, अंगातून पाझरणारं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात, भाताच्या चिखलात दिवसभर उभं राहायचं तर असंच अंग लागतं. दुधाला बेताची, कामाला खंबीर. इथल्या माणसाला ती का प्रिय आहे, हे त्याच्या खाचरात एक आषाढ काढल्याशिवाय कळायचं नाही.

पण पाऊस सोसणारी ही कातडी विषाणू अडवत नाही.

(दृश्य : खोड्यात गाय. कानात बिल्ला मारण्याचा चिमटा. क्लोज-अप.)

खोडा म्हणजे इथे दोन झाडं आणि एक आडवं लाकूड. एकाने वेसण धरायची, एकाने शेपटी. बिल्ल्याचे दोन भाग असतात, पुढचा आणि मागचा. कानाच्या दोन शिरांच्या मधली जागा बोटाने चाचपायची आणि चिमटा एका झटक्यात दाबायचा. पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे. आजपासून हा या गाईचा नंबर. तिची लस, तिचं वेत, तिची विक्री, सगळं याच नंबरावर चढणार.

मग मानेच्या स्नायूत दोन मिलिलिटर. प्रत्येक जनावराला नवी सुई. वापरलेली सुई वेगळ्या डब्यात.

आता नोंद. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ती भरायची असते आणि पाड्यावर रेंज नाही. म्हणून आधी वहीत लिहायचं. बारा आकडे एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा लिहितो, आणि लिहिलेलं परत वाचून दाखवतो. एक आकडा चुकला तर लस भलत्याच तालुक्यातल्या गाईच्या नावावर जायची. संध्याकाळी टेकडीवर जाऊन, मोबाइल वर धरून, हे सगळं पुन्हा भरायचं. ज्यांनी हे ॲप बनवलं त्यांना एकदा या टेकडीवर आणायला हवं, असं आमच्या कॅमेरामनचं मत पडलं.

(दृश्य : गोठ्याच्या दारात मावशी. मूळ आवाज.)

"मागं टोचलं त दोन दिस दूध कमी झालं, डॉक्टर."

"होतं मावशी. दोन दिवसच. रोग शिरला तर दोन महिने जातील."

पर्यवेक्षकांना गावात डॉक्टरच म्हणतात. मावशींच्या म्हणण्यात तथ्य आहे. टोचल्यावर थोडा ताप येतो, मानेवर गाठ येते, दूध एखाद-दुसरा दिवस उतरतं. हे आधी सांगितलं नाही तर पुढच्या फेरीला गाय रानात गेलेली असते. लपवतात हो जनावरं. म्हणून पर्यवेक्षकांचा निम्मा वेळ टोचण्यात जातो आणि निम्मा बोलण्यात.

रोग झालेलं जनावर आमच्या कॅमेऱ्यासमोर आलं नाही, ते बरंच झालं. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड, लाळेच्या तारा, लंगडणं. मोठं जनावर बहुधा वाचतं, पण कामाचं आणि दुधाचं राहत नाही. वासरं मात्र पटकन जातात. फोड दिसायच्या आधीच विषाणू बाहेर पडायला लागलेला असतो, म्हणजे मालकाला कळेपर्यंत शेजारच्या दावणीला पोहोचलेला असतो. आणि पोहोचतो तरी किती लांब? १९८१ साली फ्रान्सच्या ब्रिटनीतून निघालेला हा विषाणू वाऱ्यावर समुद्र ओलांडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर उतरला होता. जर्मनीत १९८८ नंतर हा रोग नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या म्हशींच्या कळपात तो निघाला.

भारतात या विषाणूचे तीन प्रकार फिरतात : ओ, ए आणि एशिया-१. लसीत तिन्ही असतात. पण तिचं बळ सहा महिन्यांचं. म्हणून वर्षातून दोनदा फेरी, आणि कळपातल्या दहांपैकी निदान आठांना टोचलेलं हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून देशभरची मोहीम सुरू झाली. तिच्यासाठी १३,३४३ कोटी रुपये ठरले आणि २०३० पर्यंत रोग हटवायचा असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. देशात गाई-म्हशीच ३० कोटींवर आहेत. त्यांतली ही एक, लाकडाला डोकं घासणारी.

(दृश्य : घोटीचा जनावरांचा बाजार. धूळ, बैलांच्या शिंगांना रंग, रुमालाखाली बोटांचा सौदा.)

हा घोटीचा बाजार. डांगी बैल बघायचा तर इथे. रुमालाखाली दोन हात, बोटांवर भाव, तोंडाने अक्षर नाही.

बाजारातल्या एका आजोबांना आम्ही विचारलं, सगळ्यात वाईट रोग कुठला पाहिला? लाळ्या म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, बुळकांडी.

तरुण पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी हे नाव ऐकलंच नव्हतं. आणि याच गोष्टीसाठी आम्ही या बाजारात जरा जास्त रेंगाळणार आहोत.

बुळकांडी म्हणजे रिंडरपेस्ट. ताप, डोळ्यांतून-नाकातून पाणी, तोंडात व्रण, मग हगवण, आणि आठवडा-दहा दिवसांत गोठा रिकामा. एकोणिसाव्या शतकात तिने इतका कहर केला की ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात एक प्रयोगशाळा काढावी लागली, इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी. मुंबई नव्हे, कलकत्ता नव्हे, आपलं पुणं. पुढे १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली, कारण असले जंतू भरवस्तीत हाताळणं धोक्याचं होतं. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. विसाच्या दशकाच्या शेवटी मुक्तेश्वरलाच जे. टी. एडवर्ड्स यांनी बोकडांमधून विषाणू पुनःपुन्हा वाढवून तो नरम केला आणि त्याची लस झाली.

आणि जगाच्या पशुआरोग्य संघटनेचं मूळही याच रोगात आहे. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली. त्यांच्यासोबत बुळकांडी उतरली. युरोप हादरला. २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी पॅरिसमध्ये करार करून संघटना स्थापली. एका देशात रोग निघाला तर त्याने तो दडवायचा नाही, बाकीच्यांना कळवायचं, हा तिचा पाया. संयुक्त राष्ट्रसंघाच्याही आधीची ही गोष्ट. आज १८३ सदस्य आहेत. पॅरिसच्या त्या मेजाभोवती देशांना भारतातल्या गुरांनी बसवलं, हे आपल्याकडे कुठल्या पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये बुळकांडीविरुद्ध मोहीम उघडली. गावोगाव टोचणी. साठच्या सुमारास वॉल्टर प्लॉराइट यांनी केनियात आणखी सुरक्षित लस तयार केली. तिचा एक डोस जनावराला जन्मभर पुरायचा. तरीही चार दशकं लागली. लस होती, पण शेवटच्या कळपापर्यंत ती घेऊन जाणारा माणूस पोहोचायला वेळ लागला. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ मधला. २००६ मध्ये देश मुक्त ठरला. मे २०११ मध्ये पॅरिसच्या त्याच संघटनेने जाहीर केलं की बुळकांडी पृथ्वीवरून गेली. माणसांतल्या देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

ती पोरं एकमेकांकडे का बघत होती, त्याचं उत्तर हे.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावरचे फोटो. अंगभर गाठी. कॅमेरा स्थिर. निवेदनात मोठा विराम.)

हे फोटो मालकाने स्वतःच्या मोबाइलवर काढलेले. लम्पी, २०२२. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देऊन साथ आवरली, बाजार बंद ठेवले. दगावलेल्या गाईमागे सरकारने ३० हजार रुपये दिले, बैलामागे २५ हजार.

(दृश्य : सिन्नरजवळचा रस्ता. मेंढ्यांचा कळप, घोड्यावर बिऱ्हाड, पाठीमागे ट्रकची रांग.)

आणि हे धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासकट फिरणारी बिऱ्हाडं. चाऱ्यामागे चालत राहणारे. एका तालुक्यात नाव, दुसऱ्यात मुक्काम, तिसऱ्यात आजारपण. यांच्यासाठी आहे पीपीआरची लस. हा रोग बुळकांडीच्या विषाणूचा भाऊबंद, शेळ्या-मेंढ्यांना मारणारा. जगातून तोही २०३० पर्यंत घालवायचा बेत आहे. याची लस एकदा टोचली की काही वर्षं पुरते, त्यामुळे काम लाळ्यापेक्षा सोपं. अट एकच, वाडा कुठे उतरलाय हे कळायला हवं. पर्यवेक्षकांना ते कसं कळतं? चहाच्या टपरीवर. टपरीवाला फोन करतो, "साहेब, मेंढरं आलीत."

(दृश्य : बाजाराच्या दारात तपासणी. एक बैल परत फिरवला जातोय. मालकाची हुज्जत.)

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेलं जनावर बाजारात विकता येत नाही. हुज्जत रोजची. "शेजारच्या गावचा आहे हो, ओळखीचा आहे." माणूस ओळखीचा असेल. बैल कुठून कुठे फिरून आलाय, हे फक्त त्या बारा आकड्यांना ठाऊक. दारात फवारणीही हवी. लाळ्याच्या विषाणूला धुण्याच्या सोड्याचं चार टक्क्यांचं पाणी पुरतं. किराणा दुकानात मिळतो तोच सोडा.

(दृश्य : पुन्हा पाडा. दुपार. पर्यवेक्षक हातमोजे चढवतायत, डोळ्यांवर चष्मा. कालवड.)

आता हातमोजे का, चष्मा का? गाईला टोचताना तर नव्हते.

ही ब्रुसेल्लोसिसची लस. हा रोग झाला की गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभ टाकते. माणसालाही तो होतो, कच्च्या दुधातून किंवा गाभासोबत पडलेली वार उघड्या हाताने उचलली तर. ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि मलेरिया-टायफॉइडच्या तपासण्यांत महिने जातात. लसीत जिवंत जंतू असतो, नरम केलेला. गाईसाठी नरम. टोचणाऱ्याच्या बोटात सुई घुसली तर त्याला तोच ताप. पर्यवेक्षक वर्षानुवर्षं हे काम करतायत, यांच्या विम्याचं काय, असा प्रश्न आम्ही विचारला. ते हसले आणि सुई बदलायला लागले.

ही लस फक्त मादी वासरांना. वय चार ते आठ महिने, आणि जन्मात एकदाच. त्या चार महिन्यांत पर्यवेक्षक आले नाहीत, किंवा कालवड पाहुण्यांकडे गेली, तर ती गाय आयुष्यभर तशीच. म्हणून वहीच्या मागच्या पानावर एक वेगळी यादी आहे. कुणाची कालवड, जन्म कधीचा, चार महिने कधी भरणार. हे पान ॲपमध्ये नाही. हे त्यांनी स्वतःच आखलंय.

(दृश्य : मूळ आवाज. मावशी, पर्यवेक्षक. मागे कालवड दाव्याला हिसके देतेय.)

"हिला बहिणीकडं द्यायचीय, पेठला. पुढल्या महिन्यात."

"द्या की. पण बिल्ला मारून द्या. तिकडच्या दवाखान्यात नंबर सांगितला की लस तिथेच मिळेल."

"आन् नाही दिली त?"

"तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा. नाहीतर मला लावा. नंबर आहे ना माझा?"

"भिंतीवर लिवलाय."