बादलीतले मळे

नमस्कार मंडळी, आज जरा ओढ्यावर जाऊया. विषय म्हटला तर बोटाएवढा आहे, मरळीसाठी गरीला लावायचे जिवंत बारीक मासे कसे धरायचे आणि धरल्यावर ते जिवंत कसे ठेवायचे. गरी कुठल्या नंबरची, दोरा किती जाड, काठी कुठून आणली, यावर आपली माणसं तासन्‌तास बोलतात, पण बादलीतल्या पाण्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि मी इतकी वर्षं गरवतोय त्यावरून सांगतो, निम्म्या मरळी त्या बादलीतच हातच्या जातात.

मी महाडकडचा, सावित्री, गांधारी, काळ या नद्यांच्या काठी वाढलेला. आमच्याकडे ओढ्यातल्या बारीक माशांना सरसकट मळे म्हणतात, तुमच्या गावात वेगळं नाव असेल. त्यातला मरळीसाठी सगळ्यात चांगला म्हणजे ज्याच्या अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत सरळ काळी रेघ असते तो, पुस्तकात त्याला रासबोरा म्हणतात. अंगाने सडपातळ, पाण्यात चमकतो आणि गरीला लावला तरी बराच वेळ वळवळत राहतो. मरळ ही दबा धरून बसणारी, गवतात, पानांखाली, बुडालेल्या फांदीजवळ, तिला समोर काहीतरी हललेलं दिसलं पाहिजे. मेलेला मासा ती कधीमधी घेते, नाही असं नाही, पण जिवंत मळा समोर आला की विचार करत बसत नाही.

आता धरायचे कसे. तीन माणसं असतील तर जुनी मच्छरदाणी बेस्ट, दोघांनी दोन टोकं धरायची, खालची कड दगडांना टेकवायची आणि तिसऱ्याने वरच्या बाजूने पाय आपटत, पाला ढवळत खाली यायचं. एकटे असाल तर दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तोंडाकडचा भाग कापायचा, झाकण काढून टाकायचं आणि तो कापलेला तुकडा उलटा करून बाटलीतच बसवायचा म्हणजे नरसाळं तयार होतं, मासा आत शिरतो पण त्याला बाहेरची वाट सापडत नाही. गरम खिळ्याने चारपाच भोकं पाडा, आत एक दगड टाका आणि भाकरीचा चुरा नाहीतर थोडी पेंड. बाटलीचं तोंड मात्र पाणी ज्या दिशेला वाहतंय तिकडे करायचं, कारण वास पाण्याबरोबर खाली जातो आणि मळे त्या वासामागे प्रवाहाच्या उलट वर येतात. हे मला मामाने दाखवलं, मी लहानपणी तोंड वरच्या बाजूला करून ठेवायचो आणि बाटली रिकामीच. सावलीत, झाडाच्या मुळाला सुतळीने बांधून ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा, जास्त वेळ विसरलात तर आत दाटी होऊन मरतात.

हात लावायच्या आधी हात ओला करा, प्लीज. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ना, ती त्याची कातडी राखणारी गोष्ट आहे, कोरड्या हाताने तो निघतो आणि मग दुसऱ्या दिवशी अंगावर पांढरं पांढरं दिसायला लागतं.

आता मुख्य गोष्ट, बादली. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि गंमत नाही ही, नेमकं गरम पाण्यातच माशाला प्राणवायू जास्त लागतो कारण त्याचं अंग जोरात चालतं. म्हणजे एप्रिलच्या उन्हात बादली गाडीच्या डिकीत ठेवली की दोन्हीकडून मार. मळे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडून गपगप करायला लागले की समजायचं श्वास पुरत नाहीये, तेव्हा थांबायचं नाही, लगेच मगाने पाणी उचलून वरून धार सोडायची आणि निम्मे मासे दुसऱ्या भांड्यात काढायचे. पंप नसेल तर १० लिटरच्या बादलीत मी दहाबाराच ठेवतो. फिशटँकचा सेलवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो घेतला तर जरा जास्त ठेवता येतात. वर ओला गोणपाट टाका, गारवाही राहतो आणि अंधारात मासे शांत राहतात, उडी मारत नाहीत. फार तापलं तर बर्फ झालेली पाण्याची बंद बाटली आत सोडायची, सुटा बर्फ टाकू नका, एकदम गार झालं तरी मासा धक्का खातो.

बादली प्लॅस्टिकचीच. तांब्याची कळशी नको, जस्त चढवलेली पत्र्याची बादली नको, तांबं आणि जस्त दोन्ही पाण्यात उतरतं आणि माशाला विष होतं. आणि नळाचं पाणी सरळ ओतू नका. एकदा रात्री उशिरा आलो, ओढ्याचं पाणी कमी वाटलं म्हणून नळाखाली बादली भरली, सकाळी वीसच्या वीस मळे उताणे. पाण्यात क्लोरीन होतं. ते वीस जीव माझ्या आळसाने गेले, मला अजून वाईट वाटतं. नळाचंच वापरायचं असेल तर पसरट टोपात एक दिवस उघडं ठेवा, मग घ्या. पण ओढ्याचंच पाणी सगळ्यात बरं, आणि त्याहून बरं म्हणजे भोकं पाडलेला डबा ओढ्यातच बुडवून ठेवायचा, मळे त्यांच्याच पाण्यात राहतात, आपल्याला काही करावं लागत नाही. न्यायच्या आदल्या दिवशी खायला देऊ नका, पोट रिकामं असलं की पाणी कमी खराब होतं.

गरीला लावताना पाणी वाहतं असेल तर दोन्ही ओठांतून, साचलेलं असेल तर पाठीवरच्या पराच्या किंचित मागे, कातडीखालून, कण्याला न लागता. कण्याला लागली की मासा तिथंच संपला.

आता थोडं कडक बोलतो. वलगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात मासे अंडी घेऊन शेतात, ओहोळात चढतात तेव्हा चाऱ्यासाठी मळे धरू नका, एक मासा उचलला तर पोटातली सगळी अंडी गेली. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा तरंगताना दिसला तर त्याखाली मरळीची जोडी राखण करत असते, तिथं गरी टाकायची नाही. आईबाप गेले की तो गोळा बाकीचे मासे काही तासांत साफ करतात. वाळणकोंडाला काळ नदीत देवाचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावत नाही, तिथले मोठाले मासे बघून या एकदा. आणि मळ्यांसाठी ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकणारे जे आहेत ना, त्यांना सांगा, १८९७ च्या कायद्यापासून पाण्यात विष घालून मासे मारणं गुन्हा आहे. पाच किलो माशांसाठी खेकडे, बेडूक, किडे, सगळा ओढा मरतो. मी असा ओढा पाहिलाय, वास आठ दिवस जात नव्हता.

उरलेले मळे दुसऱ्या नदीत, धरणात सोडू नका. मोझांबिकची तिलापिया म्हणजे आपली चिलापी, १९५२ साली देशात आणली आणि आज कुठल्याही तळ्यात बघा, तीच. एका पाण्यातला मासा, त्याच्या अंगावरचे रोग, किडे, सगळं दुसऱ्या पाण्यात जातं.

मी संध्याकाळी परत त्याच डोहावर जातो. बादली पाण्यात आडवी धरायची, ओढ्याचं पाणी हळूहळू आत येऊ द्यायचं, दोन मिनिटं तशीच धरून ठेवायची. मळे आधी कडेला घोटाळतात, मग एकजण बाहेर पडतो, आणि त्याच्यामागून सगळे.