बारावी आर्ट्स, वय ३३ आणि नर्सिंगचा फॉर्म

(दृश्य: जळगाव एसटी स्टँड, सकाळची गर्दी)

डी.एड. करून शिक्षकभरतीची वाट बघता बघता तिशी ओलांडलेल्या बायका खान्देशात गल्लोगल्ली भेटतील. कुणी तुटपुंज्या पगारावर खासगी शाळेत शिकवते, कुणी शिलाई मशीनवर बसते, कुणी आशा सेविका म्हणून वस्त्या पालथ्या घालते. त्यातल्या काही जणी आता नर्सिंगकडे वळू बघतायत. घरात विषय निघाला की सासूबाई अहिराणीत विचारतात, “या वयम्हा आते काय शिकशी?”

वयाचं विचारलं ते बरोबरच आहे. पण त्याआधी विचारायला हवं, बारावी कशात झाली?

(दृश्य: टेबलावर बारावीचं गुणपत्रक)

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावी सायन्सच लागते, तीही बायोलॉजीसह. आर्ट्सनंतर बी.ए. करा, एम.ए. करा, डी.एड. करा, हा दरवाजा उघडत नाही. इतकंच काय, बारावीला गणित घेऊन बायोलॉजी सोडलेल्या इंजिनिअरलाही तो बंदच. पुढच्या पदव्या कितीही असोत, प्रवेशाच्या टेबलावर मोजलं जातं ते बारावीचं गुणपत्रक.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना उरतात दोन वाटा. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका, तीन वर्षांची. कोणतीही शाखा चालते, इंग्रजी विषय हवा आणि खुल्या गटाला ४० टक्के. एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफचं शिक्षण, दोन वर्षांचं, फक्त महिलांसाठी. दोन्हींना वयाची कमाल मर्यादा ३५.

आता हिशेब मांडू. समजा, पारोळ्याच्या एका ताईंचं वय ३३, बारावी आर्ट्स. त्यांनी आज जीएनएमला प्रवेश घेतला तर ३६व्या वर्षी नोंदणीकृत परिचारिका होतील. त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की ३८ला पदवी. म्हणजे बायोलॉजी नसलं तरी पदवी मिळते, फक्त लांबच्या रस्त्यानं. पण राज्य सरकारी नोकरीत खुल्या गटाची वयोमर्यादा साधारण ३८च आहे, मागासवर्गीयांना ४३. पदवीसाठी थांबल्या तर भरतीची बस सुटायची. म्हणून आमचं मत असं, की ताई खुल्या गटातल्या असतील तर जीएनएमनंतर आधी भरतीचे अर्ज भरावेत, पदवीचं मागाहून बघावं.

आणि “दोनच वर्षांचं आहे, एएनएम करून टाक” हा शेजारणीचा सल्ला? एएनएम झालेल्यांना जीएनएमच्या प्रवेशाला वयाची अट नाही, हे खरं. पण आधी एएनएम आणि मग जीएनएम म्हणजे एकूण पाच वर्षं. तेवढ्याच पाच वर्षांत थेट जीएनएमवाली पदवीधर होते.

(दृश्य: धडगावकडे चढणारा घाटरस्ता, उपकेंद्राची पाटी)

मात्र गाव सोडायचंच नसेल तर एएनएमला तोड नाही. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र धरलं जातं, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांमागे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बाळंतपण, लसीकरण, ताप-खोकला सगळं आधी येतं ते उपकेंद्राच्या सिस्टरकडे, म्हणजे एएनएमकडे. जिला पावरी किंवा भिली बोलता येते तिचं तिथलं काम निम्मं सोपं होतं.

प्रवेशाच्या दिवसांत तालुक्याच्या चौकात “एका वर्षात नर्स व्हा” असे बॅनर लागतात. त्या एका वर्षाच्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर परिचारिकाही नाही. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव या परिषदेच्या आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत शोधावं.

(दृश्य: वॉर्डात पांढऱ्या गणवेशातल्या विद्यार्थिनी)

हे शिक्षण पत्राद्वारे होत नाही, संध्याकाळच्या वर्गातही नाही. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातले प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरावेच लागतात. म्हणजे हातातली नोकरी सोडावी लागणार. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे पारोळा-धुळे रोज जाऊन-येऊन करू असं वाटतं. पण दुपारपाळी संपते तोवर गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग हॉस्टेल. तिथे रूममेट अठरा वर्षांच्या, आणि घरी डबा करायला कोण, हे नवऱ्याशी फॉर्म भरण्याआधीच बोलून घ्यावं. फीपेक्षा संसार अडतो तो इथे.

पहिल्या वर्षी अ‍ॅनॉटॉमी (शरीररचनेचा विषय) छळते. पुस्तकं इंग्रजीत, आणि वर्गातल्या पोरींचं पाठांतर ताजं. पण कम्युनिटीच्या पोस्टिंगला पारडं फिरतं. गावात जाऊन आरोग्य शिक्षण द्यायचं असतं, तक्ते करायचे असतात, धड्याचा आराखडा लिहून तपासून घ्यायचा असतो. पोरी घाबरतात. डी.एड.वाल्या ताईंनी असली पाठ टाचणं वह्या भरून लिहिलेली असतात. त्या ओट्यावर बायका जमवतात, ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात कसं कालवायचं ते अहिराणीत सांगतात, आणि मागे बसलेल्या आजीला तेच परत सांगायला लावतात.